अर्ज ११२, उत्तरं ४. वशिल्याशिवाय नोकरी मिळतच नाही का?

कोरी पाटी

बरेच महिने वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

संख्याशास्त्रात पदवी घेऊन सात महिने झाले. गुण बरे आहेत, अगदी वरचे नाहीत. तेव्हापासून ११२ अर्ज केले. आकडा नक्की आहे, कारण मी वहीत रेघा मारते, पाचाच्या जुड्या करून. त्यातल्या ४ ठिकाणांहून उत्तर आलं. दोघांनी सध्या जागा नाही म्हणून कळवलं. एकाने फोनवर दहा मिनिटं बोलून 'कळवतो' म्हटलं, ते अजून कळवतायत. चौथ्याने नोंदणी शुल्क मागितलं. बाकी १०८ ठिकाणी सामसूम.

सकाळी लॅपटॉप उघडायचा, दिसेल तिथे अर्ज टाकायचा, संध्याकाळी मान धरते. घरचे आताशा विचारतही नाहीत, आणि ते विचारण्यापेक्षा जास्त लागतं. वर्गातल्या दोघांचं काम झालं, दोघांचंही कोणी ना कोणी आत होतं. मला वशिल्याने नोकरी नको आहे. पण त्याशिवाय मिळतच नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे रेघा मारणं तरी थांबवते.

नसती उठाठेव

पाचाच्या जुड्या! चार वर्षं संख्याशास्त्र शिकून शेवटी रेघाच मारायच्या का? (हलकं घ्या. मी चौदा महिने घरी होतो, तेव्हा मोजायचीही हिंमत नव्हती.)

चौथ्याला पैसे दिले नाहीत ना?

कोरी पाटी

नाही दिले. पण खोटं कशाला बोलू, अर्धा तास विचार करत होते.

तळटीप

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. माणसं निवडण्याच्या कामात अकरा वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या चौथ्याचं. खरा नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. नोंदणी म्हणू दे, अनामत म्हणू दे, प्रशिक्षणाचं साहित्य म्हणू दे. मुलाखत फक्त चॅटवर, ऑफर दुसऱ्याच दिवशी, आणि मेलच्या पत्त्यात ओळखीच्या कंपनीच्या नावाला एखादं जादा अक्षर चिकटलेलं, असं काही दिसलं की त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन ती जागा तिथे आहे का ते बघायचं. लिंकवरून नाही जायचं, पत्ता स्वतः टाइप करून जायचं. बँकेचे तपशील आणि ओळखपत्राच्या प्रती नेमणूक पक्की झाल्याशिवाय कोणालाही नाही.

आता ती १०८ ची सामसूम. उत्तर आलं नाही की आपल्याला नाकारलं असं वाटतं. पुष्कळदा कोणी नाकारलेलं नसतं, कारण कोणी उघडलेलंच नसतं. जाहिरात सोमवारी लागते. बुधवारपर्यंत इतके अर्ज येतात की मी वरून वाचत जातो, सहा-सात जणांना बोलवण्याजोगं काही दिसलं की थांबतो. गुरुवारी आलेला अर्ज माझ्या हातूनही बघायचा राहिलेला आहे. कधी जागा आतल्याच माणसासाठी ठरलेली असते आणि जाहिरात नियमापुरती दिलेली असते. कधी पैशाची मंजुरीच अडकते आणि जाहिरात काढून टाकायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. हे काही मिरवण्यासारखं नाही, पण आतून असं दिसतं. म्हणून जाहिरात लागल्यापासून दोन दिवसांत गेलेला अर्ज आणि दहाव्या दिवशी गेलेला अर्ज यांत फार फरक पडतो.

रेघा मारणं सोडू नकोस, पण रेघेऐवजी तक्ता कर. तारीख, पद, जाहिरात किती दिवसांची जुनी होती, रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली, कोणाशी बोलणं झालं, पुढे काय झालं. गाडं कुठे अडतंय ते मग दिसतं. बोलावणंच येत नसेल तर दोष रेझ्युमेत किंवा निवडलेल्या जागांत. बोलावणं येतं पण पहिल्याच फेरीत गळती होते, तर बोलण्याचा सराव हवा. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन दोन-तीनदा हुकलं तर फारसं काही बदलू नये, तिथे दोन लायक माणसांतून एक निवडला गेलेला असतो. तुझ्या ११२ ला ४ म्हणजे सरळसरळ पहिला प्रकार आहे. सगळीकडे एकच रेझ्युमे पाठवलास का?

कोरी पाटी

हो, एकच. नाव काढून खाली देते.

*उद्दिष्ट: एका प्रगतिशील संस्थेत माझ्या कौशल्यांचा वापर करून संस्थेच्या व स्वतःच्या विकासास हातभार लावणे.*
*कौशल्ये: एक्सेल, आर, पायथन, एस्क्यूएल, संवादकौशल्य, नेतृत्वगुण, झटपट शिकण्याची वृत्ती.*
*प्रकल्प: अंतिम वर्षात ग्रंथालयाच्या नोंदींचे विश्लेषण केले.*
*छंद: वाचन, संगीत, प्रवास.*

दिसायला छान आहे पण. दोन रकाने, डावीकडे निळी पट्टी, फोनचं छोटं चित्र वगैरे.

नसती उठाठेव

निळी पट्टी! माझीही होती. आपण दोघं एकाच फुकट साच्यातून निघालोय.

तळटीप

उद्दिष्ट म्हणजे नमनाला घडाभर तेल. ते पूर्ण काढ. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की डोळे आपोआप त्याच्या खालच्या ओळीवर जातात.

दोन रकान्यांबद्दल एक प्रयोग कर. पीडीएफ उघड, सगळा मजकूर निवडून कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये चिकटव. काय दिसतं ते इथे लिही.

आणि त्या ग्रंथालयाच्या नोंदींत नेमकं काय केलंस ते सांग. रेझ्युमेची भाषा नको, मैत्रिणीला सांगतेस तसं.

कोरी पाटी

चिकटवलं. "संगीत पदवी प्रवास एस्क्यूएल" असं एका ओळीत आलंय. फोन नंबर आलाच नाही! तो त्या चित्राच्याच पट्टीत होता. सात महिने मी फोन नंबर नसलेला रेझ्युमे पाठवत होते का?

ग्रंथालयाचं असं झालं की तीन वर्षांच्या देवघेवीच्या नोंदी मिळाल्या, ४१ हजारांच्या वर ओळी. पुस्तकं उशिरा का परत येतात ते शोधायचं होतं. तारखाच गडबड होत्या. एका कर्मचाऱ्याने दिवस आधी लिहिलेला, दुसऱ्याने महिना आधी. म्हणजे ०४/०७ ही चार जुलै की सात एप्रिल? पुस्तक दिल्याच्या आधीच परत आलेलं दिसायचं. मग कोण कुठल्या पाळीत होतं त्याची हजेरी मागवून त्यावरून तारखा सरळ केल्या, त्यातच तीन आठवडे गेले. शेवटी दिसलं की उशिराची जवळजवळ निम्मी प्रकरणं परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यातली आहेत, आणि ती ठरावीक तीसेक पुस्तकांचीच आहेत. ग्रंथपालांनी तेवढ्या पुस्तकांची मुदत त्या काळात कमी केली आणि दोन-दोन प्रती वाढवल्या.

तळटीप

अगं, मग हे लिहिलं का नाहीस?

हजेरीपटावरून तारखा सरळ करणारी मुलगी मला उद्या हवी आहे. "विश्लेषण केले" लिहिणारे ढिगाने येतात. असं लिही:

*ग्रंथालयाच्या ३ वर्षांच्या ४१,००० नोंदी तपासल्या. दोन पद्धतींनी लिहिलेल्या तारखा हजेरीपटाशी ताडून दुरुस्त केल्या (आर). उशिराची सुमारे निम्मी प्रकरणे परीक्षेआधीच्या पंधरवड्यातली व ठरावीक ३० पुस्तकांची असल्याचे दाखवले. त्यावरून ग्रंथालयाने मुदत व प्रतींची संख्या बदलली.*

चार ओळी, आणि 'झटपट शिकण्याची वृत्ती' हे शब्द न वापरताही ती दिसते. हा प्रकल्प सगळ्यात वर घे, पदवीच्याही वर. एकच रकाना, एक पान, चित्रं नकोत, फोन नंबर साध्या मजकुरात. फाइलच्या नावात तुझं नाव आणि पद. माझ्याकडे 'रेझ्युमे_फायनल_नवा_खराफायनल' नावाच्या फायली येतात, त्या उघडतानाच माणूस थकतो.

सॉफ्टवेअरबद्दल एक गैरसमज फिरत असतो की मशीनच रेझ्युमे वाचून केराच्या टोपलीत टाकतं. बऱ्याच ठिकाणी ते अर्जांचं कपाट असतं, इतकंच. मजकूर रकान्यांत भरून ठेवतं आणि मी 'एस्क्यूएल' शोधलं की ज्यांच्यात तो शब्द सापडतो ते समोर आणतं. तुझा शब्द 'प्रवास' या छंदाला चिकटला असेल तर सापडला तरी अर्थ लागत नाही. आपोआप बाद होतात ते बहुधा अर्जातल्या हो-नाहीच्या प्रश्नांवर: अमुक परवाना आहे का, अमुक तारखेला रुजू होता येईल का. ते घाईत भरू नयेत.

जाहिरातीतले शब्द तसेच वापर. त्यांनी 'डेटा क्लीनिंग' लिहिलं असेल तर तूही तेच लिही, 'विदा शुद्धीकरण' लिहून भाषाप्रेम दाखवायची ती जागा नव्हे. फक्त जे येतं तेच लिही.

जुनी सायकल

मध्ये बोलतो, माफ करा. वय ४७. वीस वर्षं एकाच ठिकाणी उत्पादन विभागात होतो, गेल्या वर्षी विभागच बंद झाला. कोरी पाटीला अनुभव नाही म्हणून घेत नाहीत, मला अनुभव जास्त म्हणून घेत नाहीत. मधलं वय कोणतं असतं ते कळलं तर बरं होईल.

"जे येतं तेच लिही" हे पटतं, पण आजूबाजूला सगळेच फुगवून लिहितात. मुलीला खरं लिहायला सांगायचं आणि नोकरी फुगवणाऱ्याला मिळायची.

नसती उठाठेव

फुगवण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं. हलके पूल बांधीन, तोफा ओतीन, झाकलेले रणगाडे करीन अशी मुद्देसूद यादी. आणि चित्रकार असल्याचं अगदी शेवटी, जाता जाता. त्याने तोवर एकही लढाई लढवली नव्हती. म्हणजे फुगवणं ही थोरांचीच परंपरा.

तळटीप

दाखला चांगला आहे, पण मी त्यातून वेगळं घेतो. स्फोर्झाला तेव्हा युद्धाची काळजी होती, म्हणून पूल आणि तोफा वर आल्या. समोरच्याची अडचण पहिल्या ओळीत, आपली आवड शेवटी. शिवाय त्याने 'मी हे करू शकतो' असं लिहिलं, 'मी तीन वर्षं हे केलं' असं लिहिलेलं नाही. पहिल्याला दावा म्हणतात, दुसऱ्याला थाप. थाप मी मुलाखतीत दोन प्रश्नांत पकडतो. "त्यात सगळ्यात त्रासदायक काय होतं?" असं विचारलं की ज्याने काम केलंय तो तारखांचं रडगाणं गातो आणि ज्याने केलेलं नाही तो टीमवर्कबद्दल बोलतो.

वजाबाकी

माझा पेशा संशोधनाचा, म्हणून धाग्याच्या शीर्षकाकडे येते. वशिला.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका उपनगरात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? वारंवार, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा, असं १६.७ टक्के म्हणाले. अधूनमधून, ५५.६ टक्के. क्वचित, म्हणजे वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, २७.८ टक्के. नमुना लहान होता, पन्नासेक लोकांचा, पण कारण पटण्यासारखं आहे. घरच्यांना आणि जवळच्या मैत्रिणींना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी खबर दूरच्या माणसाकडूनच येते.

पुढे लिंक्डइनवर हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. पाच वर्षं, दोन कोटींहून जास्त वापरकर्ते, निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. नोकरी बदलायला जवळच्यांपेक्षा मध्यम-दूरची ओळख जास्त उपयोगी पडली. अगदीच ओळख ना पाळख असलेले तितके नाही. (ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना तो चालू आहे याची कल्पना नव्हती. त्यावर तेव्हा बरीच टीकाही झाली, आणि माझ्या मते रास्त होती.)

वशिला म्हणजे लायकी नसताना कोणीतरी आतून ढकलणं. 'तुमच्याकडे हे काम कसं चालतं' असं कोणाला विचारणं हा वशिला नाही. तुझ्या वर्गातल्या दोघांनी यातलं कुठलं केलं ते तुला खरंच माहीत आहे का?

कोरी पाटी

नाही. मी गृहीत धरलं. आणि राग होता, त्यामुळे विचारलंही नाही.

पण वजाबाकीताई, दूरच्या माणसाला काय लिहायचं? मी प्रयत्न केलाय. "नमस्कार सर, मी फ्रेशर असून नोकरीच्या शोधात आहे, तुमच्याकडे व्हेकन्सी असल्यास कृपया कळवा, रेझ्युमे जोडला आहे." पंधरा जणांना पाठवलं. एकानेही उत्तर दिलं नाही.

अर्धविराम

मी सहा वर्षांच्या खंडानंतर परत नोकरीला लागले, तीही अशाच एका निरोपावर. तुझा निरोप वाईट नाही, पण त्याला उत्तर काय द्यायचं? 'जागा आहे' म्हणायचा त्या बिचाऱ्याला अधिकार नसतो, 'नाही' म्हणायला संकोच वाटतो, मग तो गप्प बसतो. ज्याचं उत्तर त्याला सहज देता येईल असंच विचारायचं. मी तुझ्यासाठी मांडून बघते:

*नमस्कार. तुमच्याच विभागातून मी यंदा पदवी घेतली, तुम्ही दोन वर्षं पुढे होतात. तुम्ही विमा दाव्यांच्या आकडेवारीवर काम करता असं तुमच्या प्रोफाइलवर वाचलं. मला त्याच कामात यायचं आहे. दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. रोजच्या कामात आर जास्त लागतं की एस्क्यूएल? आणि नवख्या माणसाला घेताना तुमच्याकडे काय बघतात? पंधरा मिनिटं फोनवर बोलता आलं तर उत्तम, नाहीतर दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.*

रेझ्युमे जोडायचा नाही. मागितला तर द्यायचा. बोलणं झालं की त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी, आणि त्यांनी सांगितलेलं काही करून पाहिलंस तर दोन आठवड्यांनी तेही कळवायचं. निम्मे लोक तरीही उत्तर देणार नाहीत, त्यांना एकदा आठवण करायची आणि सोडून द्यायचं.

खंडाबद्दल विचारणारे इथे असतीलच, म्हणून माझं सांगते. मी आधी तो लपवायला बघत होते, महिने काढून फक्त वर्षं लिहायची वगैरे. मुलाखतीत सगळा वेळ तेच राखण्यात जायचा. शेवटी एका ओळीत लिहून टाकलं: 'घरातल्या आजारी व्यक्तीची देखभाल, या काळात अमुक अभ्यासक्रम पूर्ण.' त्यानंतर कोणी दोन मिनिटांहून जास्त त्यावर थांबलं नाही.

वजाबाकी

जुनी सायकल, तुमच्या मधल्या वयाच्या प्रश्नावर. निवडीच्या कोणत्या पद्धतीतून पुढचं काम कसं होईल याचा अंदाज बांधता येतो, यावर १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा निघाला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्यांना तेच प्रश्न ठरवून विचारणं या पद्धती बऱ्याच वर होत्या. अनुभवाची वर्षं आणि शिक्षणाची वर्षं अगदी खाली. २०२२ मध्ये हेच आकडे नव्या पद्धतीने तपासले तेव्हा ते बरेच उतरले, पण ठरीव प्रश्नांची मुलाखत वरच राहिली. तर वर्षं तिची शून्य आणि तुमची वीस, दोन्हींतून कमीच कळतं. काम दाखवता येईल का तेवढं बघा.

जुनी सायकल

हे त्या मुलाखत घेणाऱ्यांना कोण सांगणार? तुमचं बरोबर असेल, पण ते वर्षंच मोजतात.

तळटीप

मोजतात. मीही मोजतो, घाईत तेच सोपं असतं. म्हणून मोजायला देऊ नका. शेवटची दहा-बारा वर्षं तपशिलाने आणि त्याआधीची दोन ओळींत. पदवीचं साल काढलं तरी चालतं. 'वीस वर्षांचा दांडगा अनुभव' ऐवजी बंद पडलेलं यंत्र किती तासांत परत चालू व्हायचं आणि तुम्ही ते किती तासांवर आणलंत ते लिहा. अनुभव जास्त म्हणताना समोरच्याच्या मनात 'हा महिन्यात सोडून जाईल किंवा माझं ऐकणार नाही' असं असतं. ते तुम्हीच आधी बोलून टाका.

नसती उठाठेव

मुलाखतीचं कोणी लिहिलं नाही म्हणून माझे दोन पैसे. "स्वतःबद्दल सांगा" ला मी जन्मापासून सुरुवात करायचो. दीड मिनिटात तीन गोष्टी पुरतात: आत्ता कुठे आहे, अलीकडे काय केलं, इथे का आलो. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सव्वा मिनिटात अकरा वेळा 'बेसिकली' म्हणालो होतो. बाकी प्रश्नांसाठी पाच प्रसंग तयार ठेवायचे: काय अडलं होतं, मी काय केलं, पुढे काय झालं. त्यातलेच आलटून पालटून सगळीकडे चालतात.

"तुम्हाला काही विचारायचंय?" याला 'नाही' म्हणू नये. मी विचारतो, "या जागेवर आधी कोण होतं आणि ते कुठे गेलं?" चेहऱ्यांवरून बरंच कळतं.

कोरी पाटी (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, रागावू नका.

रेझ्युमे बदलला. नवे अर्ज फक्त ९ केले, सगळे जाहिरात लागल्यापासून दोन दिवसांत. ३ ठिकाणांहून बोलावणं आलं. अर्धविरामताईंच्या साच्यातले निरोप १२ जणांना, ५ जण बोलले. वर्गातल्या त्या दोघांनाही विचारलं. एकाचा मामा आत होता हे खरं निघालं. दुसरीने मात्र मागच्या वर्षी एका व्याख्यानानंतर वक्त्यांना मेल करून प्रश्न विचारला होता, तिथून पुढे झालं. मी त्याच व्याख्यानाला तिच्या शेजारी बसले होते.

एका ठिकाणी शेवटच्या फेरीत हुकलं. दोन दिवस काहीच केलं नाही.

आता दुसऱ्या एका लहान संस्थेने सहा महिन्यांचं कंत्राट देऊ केलंय. सर्वेक्षणांची विदा साफ करायची. काम आवडेल असं वाटतं, पण पगार वर्गातल्या इतरांपेक्षा कमी आहे आणि घरचे म्हणतात की पहिलंच पाऊल खालच्या पायरीवर टाकू नकोस, कायमची मागे पडशील.

वजाबाकी

यावर कॅनडातल्या पदवीधरांचा एक मोठा अभ्यास आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. मंदीत पदवी घेतलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती, पाच वर्षांत ते अंतर निम्म्यावर आलं आणि दहा वर्षांत जवळपास मिटलं. भरून निघालं ते बऱ्याच अंशी चांगल्या ठिकाणी नोकरी बदलून. तेव्हा 'कायमची' हा शब्द घरच्यांना परत घ्यायला लाव. पण तिथेच बसून राहू नकोस, हाही त्याचाच अर्थ.

तळटीप

काम शिकवणारं असेल तर घे. साफ केलेल्या विदेचे सहा महिने हे रिकाम्या सहा महिन्यांपेक्षा मला रेझ्युमेवर कधीही चालतील. पगाराचं एकदा विचार. "या पदासाठी ठरलेल्या मर्यादेत थोडी जागा आहे का?" इतकंच. या प्रश्नावर मी अजून कोणाची ऑफर परत घेतलेली नाही. पत्र आलं की सही करण्याआधी कामाचे तास, सोडण्याची मुदत आणि 'मध्येच सोडल्यास' ने सुरू होणारी वाक्यं नीट वाच.

कोरी पाटी

तेच वाक्य आहे! "मध्येच सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च वसूल केला जाईल." किती, ते लिहिलेलं नाही.

तळटीप

मग ते मोकळं सोडू नकोस. मेलवर विचार: कोणतं प्रशिक्षण, खर्च किती, आणि जितके महिने काम केलं तितका तो कमी होतो का. फोनवर उत्तर दिलं तर "आपलं असं बोलणं झालं" म्हणून तूच मेल टाक.

कोरी पाटी

विचारलं. तीन दिवस उत्तर नाही, मला वाटलं गेली हातची. आज नवं पत्र आलं, ते वाक्यच काढून टाकलंय. मेलमध्ये लिहिलंय की ते जुन्या मसुद्यातून चुकून राहिलं होतं. पगार तेवढाच, पण आठवड्यातून दोन दिवस घरून काम मान्य केलं. सही केली. सोमवारी रुजू.

नसती उठाठेव

अभिनंदन! वही फेकू नकोस.

जुनी सायकल

अभिनंदन, कोरी पाटी. माझं अजून चालू आहे. यंत्राच्या तासांची ओळ लिहिली आणि दोन ठिकाणांहून फोन आले. परवा एकाकडे जायचंय. 'ऐकणार नाही' वालं आधीच बोलून टाकायचं म्हणतोय, बघू कसं जमतं.

उंबरठा

मी पण वाचनमात्रच. माझाही रेझ्युमे दोन रकान्यांचा आहे, पट्टी हिरवी. इथे टाकू की नवा धागा काढू?

तळटीप

इथेच टाक. आधी नोटपॅडमध्ये चिकटवून बघ.